पिशवीतलं आठवं सफरचंद

१४ जानेवारी २००३, उर्गेंच

ही वही कापूस कारखान्याची आहे. प्रत्येक पानावर "पाळी क्रमांक २" असं छापलंय. पाकने दिली. तो मला मुअल्लिम, म्हणजे मास्तर, म्हणतो. म्हणाला, "मुअल्लिम, रोज काय ठरलं ते लिहून ठेवा. नाहीतर उद्या तुम्हीच म्हणाल, मी असं बोललोच नव्हतो." मी आजवर असं कधी म्हटलेलं नाही. तरी लिहितो आहे.

काम असं. सातवीच्या मुलांसाठी बीजगणिताची सीडी करायची. पडद्यावर चित्रं हलतील, आवाज शिकवेल, मूल बटण दाबून उत्तर देईल. धडे आणि गणितं माझी, बाकी सगळं गेन्नादी पाकचं. पाक कोरियन आहे, पण जन्म इथलाच. वीस वर्षं कापूस कारखान्याच्या कॉम्प्युटरच्या खोलीत होता. कारखाना बंद पडला, खोली आणि चार कॉम्प्युटर याच्या ताब्यात राहिले. २३ एप्रिलला शिक्षण खात्याची समिती बघायला येणार. पसंत पडली तर साठ शाळांत जाईल.

मी जूनमध्ये निवृत्त झालो. अडतीस वर्षांत साडेतीन हजार मुलं हाताखालून गेली. मूल कुठे चुकणार हे मला त्याच्या आधी कळतं.

१७ जानेवारी

गॅसचा दाब नाही, शेगडी पेटली नाही. कोट घालून काम केलं. समितीचं पत्र आलं की सुरुवातीला, ज्याने बीजगणित मांडलं त्या आपल्या थोर पूर्वजाचं चित्र हवं. बीजगणित जन्मलं ते आमच्या या ख्वारज्मच्या मातीत, असं आम्ही आल्यागेल्याला सांगतो. त्याचा पुतळाही आहे. पुतळ्याच्या सावलीत बसून मुलं सूर्यफुलाच्या बिया सोलतात आणि परीक्षेत नापास होतात.

पाकने नाटक मंडळीच्या पडदे रंगवणाऱ्याकडून दाढीवाला माणूस काढून आणला. दाढी हलते, तोंड हलत नाही. पाक म्हणाला, थोर माणसाचं असंच असतं, राहू द्या.

२२ जानेवारी

आवाजाची चाचणी म्हणून मी पहिला धडा वाचला. पाकने तो परत लावून ऐकला. ऐकता ऐकता तो खुर्चीतून उठून उभा राहिला. तो तर माझा विद्यार्थीही नव्हता. मला बरं वाटलं. आवाजात वजन लागतं, ते सगळ्यांना नसतं.

मग तो म्हणाला, "मुअल्लिम, बाईचा आवाज घेऊ."

२३ जानेवारी

जेवताना अनाजानला म्हणजे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, गावहर आहे की. गावहर आमची थोरली. बाजारात सफरचंदं आणि सुकामेवा विकते. हाक मारते ती मासळीच्या गल्लीपर्यंत पोचते, आणि ऐकून माणसं खरंच येतात. मी म्हटलं, तिला बीजगणित कुठे येतं? अनाजान म्हणाली, वाचायचंय ना? मग येण्याचं काय?

गावहर सहावीत माझ्याच वर्गात होती. तेव्हा बीजगणित सहावीत सुरू व्हायचं. पाचवीपर्यंत गणितात पहिली. सहावीत काय झालं कळलं नाही. त्या वयात मुलींचं लक्ष उडतं. शाळेत माझ्या मुलांनीही मला "मुअल्लिम"च म्हणायचं, असा माझा नियम होता. दोघे मुलगे शाळेच्या फाटकाबाहेर पडले की परत "दादा, दादा" करायचे; इथे वडिलांना दादा म्हणतात. गावहर मात्र तेव्हापासून घरीही मुअल्लिम म्हणते. आज वय बत्तीस, तरी म्हणते. शिस्त एकदा अंगी बाणली की बाणली.

२६ जानेवारी

गावहर तयार झाली. अट एकच. तिची मेहरी यंदा सातवीत आहे, बीजगणितात अडखळते. तर मी मेहरीला शिकवायचं नाही. सीडी शिकवेल.

मी कारण विचारलं. ती म्हणाली, "कारण काही नाही, मुअल्लिम. फक्त नाही." तीन गल्ल्यांतून लोक पोरं घेऊन माझ्याकडे येतात. पण आवाज हवा आहे, म्हणून अट मान्य केली.

३ फेब्रुवारी

आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या लावायला हव्या होत्या. अनाजानने पाहुण्यांच्या दिल्या, लग्नातल्या, मखमलीच्या, एकूण अकरा. देताना प्रत्येकीवरून एकदा हात फिरवला. आता पाकची खोली लग्नघरासारखी दिसते आणि त्यात चार कॉम्प्युटर बसलेत.

एकूण वाक्यं दोनशे बारा. आज वीस झाली. त्यातल्या सहांत शेजारचं गाढव आहे.

गावहर वाचते छान. "बीजगणिताचं जुनं नाव अल-जब्र. त्याचा अर्थ, मोडलेलं पुन्हा जागेवर बसवणं," हे वाक्य तिने दोनदा वाचलं. पहिलं चांगलंच होतं. तिने का परत वाचलं ठाऊक नाही.

५ फेब्रुवारी

आज एक घोटाळा. वाक्य क्रमांक नऊ मुलाने चुकीचं उत्तर दिल्यावर वाजणार आहे. मी लिहिलंय, "चूक. खाली बस." गावहरने कागद पाहिला, घसा साफ केला आणि म्हणाली, नऊ नंबर नंतर. मग दहापासून पुढे गेली.

पाक म्हणाला, "मुअल्लिम, मुलं कॉम्प्युटरपुढे बसलेलीच असतील. त्यांना खाली कुठे बसवताय?"

मी त्याला समजावलं की ही वर्गाची रीत आहे. अडतीस वर्षं मी हेच म्हणत आलोय. हे ऐकलं की मुलाला कळतं, विषय संपला.

"तेच म्हणतोय मी," पाक म्हणाला. त्याचा मुद्दा मला कळला नाही.

११ फेब्रुवारी

चौथ्या धड्याचं चित्र झालं. तागडी. हे चित्र पाकला सुचलं आणि मला पटलं. समीकरण म्हणजे तागडीच. दोन पारडी, मध्ये लोखंडाच्या दोन चोची. चोचींची टोकं समोरासमोर आली की तोल झाला. आमच्या बाजारात अशीच असते, त्यामुळे मुलांना वेगळं काही सांगायला नको. पडदेवाल्याने दुकानदारीणही काढली. नेमकी गावहरसारखी दिसते, डोक्याचा रुमालसुद्धा.

गणित माझ्या जुन्या वहीतलं. एका पारड्यात एक पिशवी आणि तीन सुटी सफरचंदं, दुसऱ्यात दहा सफरचंदं. चोची जुळल्या. तर दुकानदारणीने गिऱ्हाइकाला दिलेल्या पिशवीत सफरचंदं किती? उत्तर सात. हे गणित मी १९८४ पासून फळ्यावर घालतोय. त्यात खोट काढायला जागा नाही.

१२ फेब्रुवारी

गावहरने चौथा धडा वाचला. गणित वाचून झालं आणि ती हसली. आनंदाचं हसू नव्हतं. म्हणाली, "हे गणित अजून जिवंत आहे?"

मी म्हटलं, चांगलं गणित म्हातारं होत नाही.

नऊ नंबर आजही नंतर.

२० फेब्रुवारी

एकशे चाळीस वाक्यं झाली. नऊ नंबर आला की तिचा घसा बसतो. दर वेळी, नेमका तिथेच. मी घरून खडीसाखरेचा चहा नेला. ती प्यायली, आभार मानले, दहा नंबर परत एकदा वाचला आणि बाजारात गेली. घरी येऊन म्हटलं, तिला घशाच्या डॉक्टरला दाखवू, तर अनाजान माझ्याकडे बघत राहिली. "तुम्ही अडतीस वर्षं मुलांच्या चुका ओळखल्यात?" असं विचारलं. मी हो म्हटलं.

२ मार्च

पाकचा विचार असा की चुकीच्या उत्तरावर घंटी वाजवू, नाहीतर बोकडाचा आवाज. मी विरोध केला. बोकडाच्या आवाजाला मुलं हसतील, आणि हसवायला लागलं की मुद्दाम चुकतील. पाकच्या मते मुद्दाम चुकायला आधी उत्तर यावं लागतं. हे खरं आहे. पण बोकड नको.

२१ मार्च

नवरोज. अंगणात सकाळपासून सुमलकची कढई. गव्हाच्या मोडांची ही खीर ढवळायला सगळी गल्ली लागते. कढईत खडे टाकतात, तळाला लागू नये म्हणून. वाटीत ज्याला खडा येईल त्याने मनात काहीतरी मागायचं. मला खडा आला. मी समितीचं मागितलं. गावहरलाही आला. तिने काय मागितलं सांगितलं नाही, पण मेहरीकडे पाहिलं.

मेहरी तेरा वर्षांची आहे. शांत पोर. बेरजा बोटांवर न करता डोळे मिटून करते. मी तिला सहज विचारलं, क्ष अधिक चार बरोबर नऊ, तर क्ष किती? तिने हात मांडीवर घेतले आणि ताठ बसली. गावहर लांबून म्हणाली, "मुअल्लिम, अट."

मी शिकवत नव्हतो, विचारत होतो. पण सणाच्या दिवशी वाद कशाला, म्हणून वाटी घेऊन उठलो.

३१ मार्च

दोनशे अकरा झाली. एकच उरलं. गावहरने आज स्पष्ट सांगितलं, "बाकी काही सांगा, वाचते. हे नाही वाचणार." कारण विचारलं तर गोधडीकडे बघत म्हणाली, "मेहरी ऐकणार आहे ते." मेहरी तर बाकीची दोनशे अकराही ऐकणार आहे. मला राग आला. तीन शब्दांसाठी एवढं? नाकापेक्षा मोती जड झालाय.

तीन तारखेला शाळेत पहिली चाचणी. पाकने सुचवलं, नऊ नंबर तूर्त तुमच्या आवाजात घेऊ. मी एका दमात दिला. गाढवही मध्ये आलं नाही.

३ एप्रिल

चाचणी झाली. शाळेत चार कॉम्प्युटर नेले. मेहरीच्या वर्गातली चोवीस मुलं, एकेका यंत्रापुढे तिघं, बारा-बाराच्या दोन तुकड्या. मी मागे बसलो. अट मोडू नये म्हणून तोंड मिटून.

पहिले तीन धडे छान गेले. मुलं दाढीला हसली, मग लागली बटणं दाबायला. गावहरचा आवाज चारही यंत्रांतून येत होता, एकाच वेळी चार दुकानं लागल्यासारखा. मुलं त्या आवाजाला ओळखीचं हसत होती. अर्ध्यांच्या घरी सफरचंदं तिच्याकडूनच येतात.

चौथा धडा आला. तागडी, पिशवी, दहा सफरचंदं. पहिल्या यंत्रावरच्या मुलाने उत्तर दाबलं. आठ.

"चूक. खाली बस."

आवाज चांगला आला होता. दुसऱ्या यंत्रावर, आठ. तिसऱ्यावर, आठ. मेहरीची पाळी आली. तिने डोळे मिटले, उघडले, आठ दाबलं. "चूक. खाली बस." तिने हात मांडीवर घेतले आणि ताठ बसली.

त्यानंतर वर्ग इतका शांत झाला की बाहेरची चिमणी ऐकू येत होती. अडतीस वर्षांत इतका शांत वर्ग मला दहा-बारा वेळाच मिळाला असेल. मला समाधान वाटलं.

५ एप्रिल

पाकने कागद आणला. यंत्र प्रत्येक बटण मोजतं, हे मला माहीत नव्हतं. चोवीसपैकी एकवीस जणांनी आठ दाबलंय. मी म्हटलं, नक्कल केली. पाक म्हणाला, दोन तुकड्या वेगळ्या होत्या, आणि पहिल्या तुकडीला मी परस्पर घरी पाठवलं होतं.

मग त्याने दुसरी ओळ दाखवली. पहिल्या तीन धड्यांत दर मिनिटाला एका यंत्रावर चौदा-पंधरा बटणं. चौथ्या धड्यात प्रत्येकाची एकेक पाळी होऊन नऊ नंबर वाजल्यानंतर शून्य. पाचव्या धड्यात शून्य. सहाव्यात शून्य. मुलं घंटा होईपर्यंत नुसती बसून होती.

"शांत होती," मी म्हणालो.

"हो," पाक म्हणाला, "माझा कारखानाही आता शांत आहे."

हा कागद मी घरी आणला. शून्याशी माझं कधी भांडण नव्हतं. आकडा खोटं बोलत नाही असं मीच मुलांना सांगत आलो. चार यंत्रं, तीन धडे, बारा शून्यं आहेत, मी तीनदा मोजली. रात्री जेवलो नाही.

६ एप्रिल

एकवीस मुलं एकच चूक करतात म्हणजे ती चूक कुठूनतरी येते. रोग एकविसांना झाला तर विहीर बघतात. दिवसभर वहीत आकडे मांडले. सातचं आठ होतं कसं? तीन वजा करायचे ते दोनच केले? मग एकवीसही जणांनी दोनच का करावे? काही जुळेना. अनाजान म्हणाली, मुलांना विचारा की. मी म्हटलं, उत्तर मला माहीत आहे, त्यांना काय विचारायचं?

ती म्हणाली, "मग घरात सफरचंदं संपलीत, तेवढी आणा."

७ एप्रिल

हे सविस्तर लिहायला हवं.

सकाळी बाजारात गेलो. गावहरच्या दुकानावर एक म्हातारी होती, म्हणून मागे उभा राहिलो. गावहरने वजनं ठेवली, दुसऱ्या पारड्यात सफरचंदं टाकली. चोची हलल्या, टोकाला टोक लागलं. तोल झाला. गावहरने सफरचंदं पिशवीत ओतली आणि हात न थांबवता ढिगातून आणखी एक उचलून पिशवीत टाकलं. म्हातारीने बघितलंही नाही. बघण्यासारखं काय होतं त्यात? आमच्या बाजारात सगळेच टाकतात. चोच जुळली त्यावरच पिशवी बांधून हातात दिली तर तो दुकानदार कसला? त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी कुत्रं फिरकणार नाही. मी साठी ओलांडली, आजवर वरच्या एका सफरचंदाशिवाय पिशवी घरी आणलेली नाही.

मी तिथेच उभा राहिलो. म्हातारी गेली. मागच्या बाईने मला ढोसलं आणि पुढे गेली, तिलाही सात आणि एक मिळाली. किंवा जी काय असतील ती, आणि एक.

दुकानदारणीने गिऱ्हाइकाला दिलेल्या पिशवीत सफरचंदं किती?

आणि मला सहावीचा वर्ग आठवला. तिसऱ्या बाकावरून हात वर झाला होता, अगदी पहिला. मी नाव घेतलं. ती उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आठ." वर्ग हसला नव्हता. वर्गातल्या निम्म्यांचं तेच उत्तर असणार, आता कळतंय. मी काय म्हणालो ते लिहायला नको, वर तीनदा लिहून झालंय.

गिऱ्हाईक सरल्यावर मी म्हणालो, "गावहर, तू आठ म्हणाली होतीस."

तिने तागडी पुसली. कशाबद्दल बोलतोय हे विचारलं नाही. एकोणीस वर्षं झाली, आणि विचारलं नाही.

"सात तोलाची आणि एक वरचं," ती म्हणाली. "आजी द्यायची तसं. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम आपल्या आजीच्या दुकानाचं गणित घातलंय. माझ्यासाठी."

माझी आई याच गल्लीत बसायची. ते गणित मी तिच्यावरूनच केलं होतं. तेवढं मी विसरलो होतो.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही म्हणालात खाली बस. मी बसले." ती दुसऱ्या पारड्यावरची धूळ पुसायला लागली. "परत उभं राहा असं कुणी म्हणालंच नाही, मुअल्लिम."

गाजरवाल्याने रिकामी पेटी पुढे केली, त्यावर बसलो. बाजारात इतकी माणसं आणि मी रडत होतो. थोडंच. लिहून ठेवतो, कारण पाकने सगळं लिहायला सांगितलंय.

मी म्हणालो, "तुझं उत्तर चूक नव्हतं. गणित अर्धवट होतं." हे वाक्य मी कुठल्याही विद्यार्थ्याला कधी म्हटलेलं नाही. तोंडात नीट बसेना.

मग विचारलं, "त्या दिवशी मी काय म्हणायला हवं होतं?"

तिने विचार केला नाही. उत्तर तयार होतं. "विचारायचं होतं. कसं काढलंस, सांग. एवढंच."

मी दोन किलो सफरचंदं मागितली. तिने तोलली, चोची जुळल्या, वरचं एक टाकलं. मग माझ्याकडे बघून आणखी एक टाकलं.

"दादा, खालून धरा," ती म्हणाली. "पिशवी जुनी आहे, फाटेल."

घरी येईपर्यंत खालून धरली. फाटली नाही.

९ एप्रिल

पाकला सांगितलं, नऊ नंबर बदलायचा. "कसं काढलंस, सांग." पाक म्हणाला, "मूल सांगेल, पण कॉम्प्युटरला कान नाहीत." हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. दोन पियाले चहा झाला. मग मीच म्हणालो, एका यंत्रापुढे तिघं बसतात. दोघांना चार कान असतात.

गावहर दुपारी आली. कागद घेतला नाही. गोधड्यांच्या मध्ये उभी राहिली आणि म्हणाली, "बरं. कसं काढलंस? शेजारच्याला सांग. आम्ही थांबतो." "बरं" आणि "आम्ही थांबतो" हे तिने पदरचं घातलं. एकदाच घेतलं. पाकने परत मागितलं नाही. खोकला आल्यासारखं करून तो बाहेर गेला.

पाकने विचारलं, गणितातून दुकानदारीण काढून टाकू का? म्हणजे भानगड नको. मी म्हटलं, दुकानदारीण राहील, आठही चालेल. जो आठ म्हणेल त्याने वरचं एक कुठून आलं ते सांगावं, आणि जो सात म्हणेल त्याने ते का सोडलं ते.

१२ एप्रिल

गावहरने अट मागे घेतलेली नाही. मीही विचारलं नाही. पण आज मेहरी घरी आली, माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "आजोबा, ते सात आणि आठचं तुम्हाला समजावून सांगू का?" मी म्हटलं, सांग. तिने सांगितलं. दोन ठिकाणी मला बोलावंसं वाटलं. बोललो नाही. हे फार कठीण आहे. अडतीस वर्षांत कुणी मला सांगितलं नाही की इतकं कठीण असतं.

२३ एप्रिल

समिती. तीन पुरुष, एक बाई, चौघांच्या हातात वह्या. दाढी त्यांना आवडली. तोंड का हलत नाही असं एकाने विचारलं. पाक म्हणाला, पूर्वज विचार करत आहेत. त्याने ते लिहून घेतलं.

चौथ्या धड्याला वर्गात बाजार भरला. "सात!" "वरचं धरलं का?" "वरचं तोलात येत नाही, वेड्या!" "पिशवीत तर येतं!" मेहरी उभी राहून हातवारे करत होती. खाली बस म्हणायला कुणी नव्हतं. मी होतो, पण मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो, कारण डोळ्यांचं काही खरं नव्हतं.

समितीचे आक्षेप असे. वर्गात गोंगाट. एका गणिताला दोन उत्तरं, यावर खुलासा द्यावा. यंत्र प्रश्न विचारतं पण उत्तर ऐकत नाही, हे शास्त्रीय नाही. बाईंनी चौथा आक्षेप लिहिला नाही. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, हा आवाज कुणाचा? मी म्हटलं, माझ्या मुलीचा. बाई म्हणाल्या, मलाही गणित यायचं, पाचवीपर्यंत.

साठऐवजी नऊ शाळा दिल्या. पाकच्या मते नऊ म्हणजे शून्यापेक्षा नऊने जास्त. बरोबर आहे.

सगळे गेल्यावर पाक गोधड्या काढायला लागला. अनाजानने निरोप धाडलाय, अकरा मोजून आणा. मी म्हटलं, तू हो पुढे, मी एक यंत्र तपासतो. एकटा बसलो. चौथा धडा लावला. तागडी आली, चोची जुळल्या, गावहरसारखी दिसणारी ती बाई पिशवी घेऊन उभी राहिली. मी आठ दाबलं.

"बरं. कसं काढलंस? शेजारच्याला सांग. आम्ही थांबतो."

शेजारी कुणी नव्हतं. तरी मी खुर्ची सरकवून उभा राहिलो आणि सांगायला सुरुवात केली.